उसवलेली लोकर

मागावर विणलेले कापड आणि सुयांवर विणलेला स्वेटर या दोहोंत एक मोठा भेद आहे. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे शेकडो स्वतंत्र धागे असतात. ते कापड जीर्ण झाले म्हणजे त्याचे फार तर पायपुसणे होते; त्यातून पुन्हा विणण्याजोगे सूत सहसा हाती लागत नाही. सुयांवरच्या विणीचे तसे नाही. तेथे एकच धागा टाक्यातून टाका काढीत पुढे जातो आणि ओळीवर ओळ चढत जाते. म्हणून शेवटच्या टाक्याची गाठ सोडून धागा हळूच ओढला, की जे विणायला महिना लागला, ते थोड्याच वेळात पुन्हा धाग्याच्या रूपाने पुढ्यात येऊन पडते.

विणकामाचा हा गुण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधील कुटुंबांच्या फार उपयोगी पडला. जहाजे युद्धाच्या वाहतुकीत गुंतलेली, गिरण्या सैनिकांच्या गणवेशाचे कापड काढण्यात गढलेल्या. साहजिकच नागरिकांच्या वाट्याला कापड कमी येऊ लागले. १ जून १९४१ रोजी तेथे कपड्यांवर नियंत्रण आले. दुकानात पैशांबरोबर कुपनेही द्यावी लागत. पहिल्या वर्षी प्रत्येक प्रौढास ६६ कुपने मिळाली; त्यांपैकी ११ एकट्या लोकरी झग्यालाच लागत. पुढे ही संख्या आणखी घटली. विणायची लोकरही यातून सुटली नव्हती. दोन औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम लोकरीस एक कुपन पडे.

पण युद्ध चालू आहे म्हणून मुले वाढायची थांबत नाहीत. गेल्या हिवाळ्यात मनगटापर्यंत पोहोचणारी बाही या हिवाळ्यात कोपराकडे सरकलेली असे, आणि तिकडची थंडी कुपनांची वाट पाहणारी नव्हती. अशा वेळी गृहिणीची दृष्टी पेटीतल्या आखूड स्वेटरांकडे आणि टोपलीच्या तळाशी उरलेल्या लोकरीच्या लहानमोठ्या गुंड्यांकडे वळे.

उसवणे हे काम दिसते तितके सोपे नाही. प्रथम खांद्याची व बाजूची शिवण उलगडावी लागते. त्या वेळी कात्री चुकून विणीत शिरली, तर सलग धाग्याचे तुकडे हाती येतात. मग विणकाम जेथे संपले असेल, त्या टोकापासून उसवायचे. आरंभाच्या टोकाकडून धागा सहज सुटत नाही. सुटलेली लोकर कुरळ्या केसांसारखी वळलेली असते. ती तशीच विणली तर टाके लहानमोठे येतात. यासाठी ती खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिची लड करावी, लड चार ठिकाणी सैलसर बांधावी आणि कोमट साबणाच्या पाण्यात, न चोळता, धुवावी. लोकरीच्या तंतूंवर अतिसूक्ष्म खवले असतात. कढत पाण्यात चोळले, की ते एकमेकांत अडकतात आणि लोकर आटून घट्ट होते. धुतलेली लड खाली थोडे वजन अडकवून सावलीत टांगली म्हणजे वळ्या जातात. शेवटी तिचा गुंडा करावयाचा, तोही सैल. करकचून गुंडाळलेल्या लोकरीचा लवचीकपणा कमी होतो.

इतके करूनही एका रंगाची लोकर पुरेशी भरत नसे. कोपर आणि मनगट येथील धागा झिजून गेलेला असे. तेव्हा निरनिराळे रंग एकत्र आणणे भाग पडे. तपकिरीला तपकिरीच जोडण्याचा हट्ट येथे कामाचा नाही. जवळजवळ तोच, पण तो नव्हे असा रंग डोळ्यांना अधिक खुपतो. त्यापेक्षा उघड वेगळ्या रंगाचा पट्टा बरा. स्कॉटलंडच्या उत्तरेस फेअर आइल नावाचे एक लहानसे बेट आहे. तेथील विणकामाची रीत या कामी फार सोयीची होती. या रीतीत नक्षी अनेक रंगांची असते, तरी एका ओळीत दोनच रंग वापरतात. जो धागा टाक्यात नसतो, तो मागच्या बाजूने पुढे नेतात. त्यामुळे वीण दुहेरी होऊन अधिक उबदार होते. रंग काही ओळींनी बदलत असल्याने एकेका रंगाची थोडीशी लोकरही पुरते. मात्र धाग्यांची जाडी सारखी हवी, नाही तर वीण ओढली जाते. याहून लहान उरलेल्या धाग्यांचे चौकोन विणून, ते जोडून पांघरूण करता येई.

१९४३ साली ब्रिटिश सरकारच्या व्यापार खात्याने ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका काढली. जुन्या कपड्यांची निगा कशी राखावी आणि त्यांचा नवा उपयोग कसा करावा, हे तीत सांगितले होते. ज्या घरांत युद्धापूर्वीही थोरल्याचा स्वेटर धाकट्याच्या अंगावर चढत होता, तेथील स्त्रियांना त्यात नवे ते काय वाटले असेल! कुपनांची मोजणी श्रीमंतांना आणि गरिबांना एकच होती. कपाटे मात्र एकसारखी नव्हती. ज्याच्याकडे उसवायला चांगल्या लोकरीचे चार स्वेटर होते, त्याचा हिवाळा सुखाचा गेला.

युद्ध १९४५ मध्ये थांबले, पण कपड्यांवरील नियंत्रण उठायला १५ मार्च १९४९ उजाडला. तोपर्यंत अनेक घरांतील तीच लोकर वडिलांच्या स्वेटरमधून मुलाच्या स्वेटरमध्ये, तेथून हातमोज्यांत गेली असेल. प्रत्येक उसवणीबरोबर धागा थोडा बारीक आणि दुबळा होत जातो. विणण्याइतके बळ त्यात उरले नाही, म्हणजे तो सुईत ओवून पायमोज्यांच्या टाचा रफू करावयाच्या.