वास कधी येतो, ते आधी पाहा

होडीच्या टॉयलेटला वास येऊ लागला, की माणूस आधी दुकान गाठतो आणि निळ्या औषधाची बाटली घेऊन येतो. दोन दिवस केबिनमध्ये लिंबाचा आणि घाणीचा असे दोन्ही वास सुखाने नांदतात. तिसऱ्या दिवशी लिंबू निघून जातं.

अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या काठी, ॲनापोलिसजवळ, आमची ३२ फुटी शिडाची होडी असते. होडी जुनी, म्हणजे तिच्यासोबत आधीच्या मालकाच्या नळ्याही आल्या. जुलैत तिथे पारा ३५ अंशांपर्यंत चढतो, हवा चिकट असते. आठवडाभर बंद असलेली केबिन शनिवारी उघडली, की पाहुणे म्हणायचे, "आम्ही बाहेरच बसतो." महाराष्ट्र मंडळातली सभ्य माणसं ती. कारण कुणी सांगितलं नाही, पण पोहे सगळ्यांनी डेकवरच मागवले.

दुरुस्तीच्या एका यार्डाने पाहणी केली आणि होल्डिंग टँकच, म्हणजे मैला साठवणारी टाकीच, बदलायला सांगितला. आकडा ऐकून आम्ही थांबलो. बायको डॉक्टर आहे. पोट दुखतं म्हणणाऱ्याला ती जसं आधी 'कधी दुखतं?' विचारते, तसं तिनं इथेही विचारलं, "वास येतो कधी?" ओट्यापाशी एक वही टांगली. ज्याला वास येईल त्यानं वेळ लिहायची आणि त्याआधी काय केलं तेही लिहायचं. उन्हाळा सरेपर्यंत वहीनं सांगितलं, की वास एक नाही, तीन आहेत. आणि टँक तर ठणठणीत आहे.

पहिला वास सकाळच्या पहिल्या फ्लशला यायचा, नासलेल्या अंड्यांचा. त्यानंतरच्या फ्लशला नाही. याचा मैल्याशी संबंधच नव्हता. बहुतेक होड्यांची टॉयलेटं बाहेरचं खारं पाणी ओढून फ्लश होतात. ते पाणी आत येणाऱ्या नळीत रात्रभर, कधी आठवडाभर साचून राहतं. त्यात सूक्ष्म जीव असतात, पाणगवताचे तुकडे असतात. चेसापीकमध्ये उन्हाळ्यात जेलीफिशही ओढल्या जातात. हे सगळं मरतं, कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो. मग प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. टॉयलेटमध्ये ओतलेलं कुठलंही औषध या नळीपर्यंत पोचत नाही. उपाय गोड्या पाण्याचा. वॉश बेसिनचा निचरा आणि टॉयलेटची आवक एकाच सीकॉकवर, म्हणजे होडीबाहेरचं पाणी उघड-बंद करणाऱ्या तोटीवर, जोडून घ्या. होडी सोडताना सीकॉक बंद करायचा, बेसिन गोड्या पाण्याने भरायचं आणि ते टॉयलेटच्या पंपानं ओढून घ्यायचं. पूर्ण नळी धुऊन निघते. मात्र पिण्याच्या पाण्याची लाइन टॉयलेटला थेट जोडू नका. घाण उलटी पिण्याच्या पाण्यात जाऊ शकते.

दुसरा वास बंद केबिनमध्ये कायमचा होता. कुणी टॉयलेट वापरो न वापरो, तो असायचाच. हा नळ्यांचा. टॉयलेटपासून टँकपर्यंतच्या होजमध्ये मैला साचून राहिला, की काही वर्षांनी वास रबरातून झिरपून बाहेर येतो. नळी फुटलेली नसते, गळत नसते, म्हणून तिच्यावर संशयही येत नाही. परीक्षा सोपी आहे. गरम पाण्यात फडकं पिळून नळीवर गुंडाळा, गार झालं की हुंगा. फडक्याला वास आला, तर नळी गेली. ती धुऊन सुधारत नाही, बदलावीच लागते. बागेची किंवा बिल्जची (होडीच्या तळाशी पाणी साचतं त्या जागेची) स्वस्त नळी तिथे लावू नका. मैल्यासाठीच बनवलेली सॅनिटेशन होज महाग असते, पण पैसे तिथेच घाला. सरळ अंतर असेल तिथे कडक पीव्हीसी पाइप लावला तर त्यातून वास झिरपतच नाही. नळी कुठे खाली लोंबून झोळ पडणार नाही, असं बघा, कारण झोळात मैला थांबतो.

पंप किती वेळा मारायचा, हेही याच हिशेबात येतं. ३८ मिलिमीटरच्या नळीत दर मीटरला एक लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं. दोन मीटर नळी असेल तर सव्वादोन लिटर पाणी गेल्याशिवाय ती रिकामी होत नाही. भांडं स्वच्छ दिसलं की लोक थांबतात. नळी मात्र भरलेली राहते. पाहुण्यांना हे सांगायला संकोच वाटतो. आम्ही पाटी लावली आहे. आणि फ्लश केल्यावर पाणी भांड्यात परत येत असेल तर पंपाच्या तोंडाची रबरी झडप बदला. ती दरवर्षी बदलण्याचीच वस्तू आहे.

तिसरा वास डेकवर, तोही फक्त कुणी फ्लश केला की. टँकमध्ये जेवढा मैला शिरतो तेवढी हवा व्हेंटमधून, म्हणजे टँकच्या हवेच्या नळीतून, बाहेर पडते, हे साहजिक आहे. ती हवा दुर्गंधी का असते, हा खरा प्रश्न. टँकमध्ये प्राणवायू पोचत असेल तर मैला फारसा वास न येता कुजतो. पोचत नसेल तर तेच नासक्या अंड्यांचं काम आतही सुरू होतं. म्हणून व्हेंट रुंद, आखूड आणि सरळ हवा. जमल्यास दोन, होडीच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे हवा आरपार खेळते. आमच्या व्हेंटच्या तोंडात एका गांधीलमाशीनं मातीचं घर बांधलं होतं! तुंबलेला व्हेंट नुसता वासापुरता नसतो. पंप-आउटच्या वेळी, म्हणजे काठावरच्या पंपानं टँक उपसताना, ओढीनं टँक चेपू शकतो. होडी धुताना पाण्याचा फवारा बाहेरून व्हेंटमध्येही मारत जा.

तुमच्या वहीत चौथी वेळ निघाली, म्हणजे वारा भरून होडी कलली की वास येत असेल, तर टॉयलेट सोडा आणि बिल्ज उघडा. शॉवरचा साबण, केस आणि सिंकमधलं खरकटं तिथे साचून सडतं.

आता धोक्याचं. क्लोरीनचं ब्लीच टँकमध्ये ओतू नका. ते उपयोगी जिवाणू मारतं आणि रबर खातं. नळीत बसलेले क्षार काढायला आम्ल वापरत असाल तर ब्लीच जवळही आणू नका, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. आणि नासक्या अंड्यांचा वास अचानक येईनासा झाला, तर सुटलो असं समजू नका. हायड्रोजन सल्फाइड हवेत दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला, की नाकच बधिर होतं. उघड्या टँकवर वाकायचं नाही.

टँक भरला म्हणून मध्यरात्री गुपचूप समुद्रात सोडण्याचा सल्लाही कुणीतरी देईल. अमेरिकेत किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत कच्चा मैला सोडणं बेकायदा आहे, आणि चेसापीक उपसागर अख्खा त्या हद्दीच्या आत येतो. १९९२च्या क्लीन व्हेसल कायद्यामुळे पंप-आउटच्या सोयींना केंद्र सरकारचा पैसा मिळतो, त्यामुळे जागोजागी सोय आहे. हिवाळ्यासाठी होडी काढण्याआधी टँक रिकामा करून, गोड्या पाण्यानं खळखळून पुन्हा उपसून घ्या.

जुनी होडी विकत घ्यायला निघाला असाल, तर मालकाला सांगा, केबिन आदल्या दिवसापासून बंद ठेवा आणि आम्ही आल्यावरच उघडा. सोबत थर्मासमध्ये गरम पाणी आणि दोन जुनी फडकी न्या. मालक हसला तर हसू द्या. नळ्या कुणाच्या खर्चानं बदलायच्या, हे त्या फडक्यावरच ठरवता येतं, आणि भाव करण्याआधीच.