रान विकायचंय? दहा गुंठे मागं ठेव

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, ठरलंय, माहेरचं रान विकून टाकते." आवाजात तुझ्या थकवा होता, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. आज सविस्तर लिहिते.

आधी एक मनावरून काढून टाक. विकणं म्हणजे पाप नव्हे, आणि वडिलांचं नाव बुडवणंही नव्हे. आपल्या महाराष्ट्रानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा वाटा 1994 मध्येच दिला, देशानं 2005 मध्ये दिला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की हा हक्क जन्मानं येतो. आपल्याकडच्या कितीतरी लेकींनी साडीचोळीवर हक्कसोडपत्राच्या सह्या करून दिल्या. तुझं नाव सातबाऱ्यावर लागलंय, वाटणी होऊन तुझा हिस्सा वेगळा झालाय, तर विकायचा निर्णयही तुझाच. तो कुणाच्या धाकानं घेऊ नकोस, आणि कुणाच्या घाईनं तर मुळीच नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सगळंच्या सगळं विकू नकोस. आपल्या राज्यात कुळकायद्यामुळं शेतजमीन फक्त शेतकऱ्यालाच घेता येते. तुझ्या नावावरचा शेवटचा तुकडा गेला की उद्या स्वतःच्या नावानं रान घ्यायला गेलीस तर पहिला प्रश्न येईल, "तुमचा सातबारा कुठाय?" सासरचं रान नवऱ्याच्या आणि दिरांच्या नावावर आहे, ते दाखवायला त्यांच्या तोंडाकडं बघावं लागेल. म्हणून थोडं मागं ठेव. किती? 2023 च्या अधिसूचनेनं आपल्याकडं तुकड्याचं किमान क्षेत्र बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे ठरलंय. त्याहून बारीक पट्टी ठेवलीस तर विकणाऱ्यालाही अडचण आणि घेणाऱ्यालाही. तुकडेबंदीचे नियम अलीकडं सैल होत चाललेत, तेव्हा तुझ्या गटाचं तहसीलदार कचेरीत एकदा विचारून घे. पण बागायतीत दहा गुंठे हा हिशेब डोक्यात धर.

विकायचा भाग ठरला की गिऱ्हाईक शोधायच्या आधी कागद हातात घे. ताजा सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार. सातबाऱ्यावर आपण क्षेत्र आणि नाव बघतो आणि कागद मिटतो. खरी गोम असते 'इतर हक्क' या रकान्यात. तिथं विकास सेवा सोसायटीचा बोजा दिसेल, वडिलांच्या वेळचं पीककर्ज फिटलं असलं तरी बोजा तसाच राहिलेला असतो. सोसायटीचा आणि बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याकडून तो कमी करून घे. तिथंच कुळकायदा कलम 43 चा शेरा असेल, तर घाबरू नकोस. 32म चं प्रमाणपत्र मिळून 10 वर्षं झाली असतील तर 2014 च्या दुरुस्तीनंतर आकाराच्या 40 पट रक्कम भरून वाट मोकळी होते, आणि आकार रुपयांतच असतो. भोगवटादार वर्ग 2 लिहिलं असेल तर मात्र आधी परवानगी, मग बोलणी. आणि देवस्थान इनाम असेल तर इसाराचा एक रुपयासुद्धा घेऊ नकोस. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात देवस्थानाच्या जमिनी पुष्कळ आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याला ती आपलीच वाटते, पण ती विकता येत नाही.

वाटणी पक्की नसेल, वारसानं आलेलं रान अजून सामाईक असेल, तर भावाला आधी विचारावं लागतं. वारसा कायद्यात सहवारसाला आधी घेण्याचा हक्क आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये सांगितलंय. तुझी वाटणी झालीय, तरी भावाला एकदा विचारच, तेही लेखी. त्यानं बाजारभावानं घेतलं तर बांध घरातच राहील. "बहिणीला कसला भाव" असं म्हणाला तर मन घट्ट कर. प्रेमानं चार पैसे कमी घ्यायचे असतील तर ते तू ठरव, त्यानं नव्हे.

मोजणी करून घे. भूमी अभिलेखाकडं पैसे भरले की मोजणीदार येतो, हद्दीच्या खुणा दाखवतो आणि नकाशाची 'क' प्रत मिळते. भाऊबंदांनी बांध कोरत कोरत दोन-तीन सऱ्या आत घेतलेल्या असतात, त्या तेव्हाच उजेडात येतात. भाव गुंठ्यावर बोलतात आणि सातबाऱ्यावर क्षेत्र आरमध्ये असतं. एक आर म्हणजे गुंठ्याहून किंचित कमी. 40 गुंठ्यांच्या एकराचे 40.47 आर होतात. तेव्हा कुठल्या मापानं पैसे मोजायचे हे आधीच बोल.

भाव ठरवताना रेडी रेकनर बघ, पण त्यावर विसंबू नकोस. शेजारच्या गटांची गेल्या वर्षातली खरेदीखतं दुय्यम निबंधकाकडं शोधता येतात. रान पूररेषेत आहे का, 2019 आणि 2021 च्या पुरात किती दिवस पाण्याखाली होतं, वाट कागदावर आहे का नुसती वहिवाटीची, हे गिऱ्हाईक विचारणारच. खरं सांग. खोटं बोलून घेतलेला भाव कोर्टात परत द्यावा लागू शकतो.

उसाचं तर आधीच लिहून घे. उभा ऊस कुणी तोडायचा, बिल कुणाच्या खात्यावर, खोडवा कुणाचा? पाणीपुरवठा संस्थेचा शेअर आणि पाण्याची पाळी रानाबरोबर जाणार का? विहिरीतला हिस्सा किती आणि मोटरचं वीज कनेक्शन कुणाच्या नावावर? कारखान्याचा शेअर मात्र रानाबरोबर आपोआप जात नाही, तो वेगळा सौदा आहे. एखादा गोड बोलून "ते काय, त्यातच आलं" म्हणेल. त्यात काही येत नाही. खरेदीखतात जे लिहिलं तेवढंच येतं.

पैशाचं नीट ऐक. इसार 20,000 किंवा त्याहून जास्त असेल तर रोखीनं घ्यायचा नाही. तसा घेतला तर दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुलाच, आणि तोही घेतलेल्या रकमेएवढा. कागदावर कमी आणि हातात जास्त, असं कुणी सुचवलं तर सरळ उठून ये. कोल्हापूर किंवा इचलकरंजी महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत 6 किलोमीटरच्या आत रान असेल, तर नफ्यावर आयकर लागतो. छोट्या नगरपरिषदांचं अंतर कमी असतं. खेड्यातल्या खऱ्या शेतजमिनीवर तो लागत नाही. कर लागणारं रान विकून 2 वर्षांत दुसरी शेतजमीन घेतलीस तर सवलत मिळू शकते. पण ती घ्यायला तू शेतकरी राहिली पाहिजेस ना? म्हणून ते दहा गुंठे. सनदी लेखापालाला आधी दाखव, व्यवहारानंतर नव्हे.

एजंटाला टक्का दे, वटमुखत्यारपत्र देऊ नकोस. साठेखत केलंस तर मुदत, बाकी रक्कम आणि मुदतीत पैसे न आल्यास काय, हे त्यात असू दे आणि ते नोंदव. खरेदीच्या दिवशी दुय्यम निबंधकाकडं फोटो आणि अंगठा देण्यापूर्वी खरेदीखत पहिल्या ओळीपासून स्वतः वाच. गट नंबर, चतुःसीमा, क्षेत्र, डीडीचा नंबर, रक्कम. पैसे खात्यावर दिसेपर्यंत सही नाही. ताबा दिल्याचं वाक्य पैसे आल्याशिवाय मान्य करू नकोस. तिथं सगळे घाई करतील, चहा मागवतील, नंबर आला म्हणून हाका मारतील. तू बसून वाच. रान तुझं आहे, तुझी सही झाल्याशिवाय ते कुणाचं होत नाही.

पैसे आले की ते तुझ्या एकटीच्या नावावर ठेव. मुलाच्या शिक्षणाला दे, घराला लाव, पण तुझ्या खात्यातून जाऊ दे. आणि उरलेल्या दहा गुंठ्यांचा नवा सातबारा निघाला की त्याची एक प्रत मला पाठव.