सुई टोचणार, हे मुलाला सांगायचं की नाही?

मूल आणि डॉक्टर म्हटलं की आपल्या घरांतून दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एरवी, "नीट जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील हं!" आणि रुग्णालयाच्या दारात, "काही नाही रे बाळा, अजिबात दुखणार नाही." पहिल्या वाक्याने सुई म्हणजे शिक्षा ठरते आणि दुसऱ्याने आईबाबा खोटे ठरतात. दोन्ही बोलली जातात प्रेमापोटीच. पण पुढच्या तपासणीच्या वेळी मूल कुणावरच विश्वास ठेवत नाही.

या वर्षीचा निधी आपण बालविभागाच्या खेळघरासाठी जमवतो आहोत. त्या निमित्ताने मंडळातले आम्ही काही पालक आणि रुग्णालयात काम करणाऱ्या आमच्यातल्या काहीजणी मिळून हे चार शब्द लिहीत आहोत.

इथे ब्रिटनमध्येसुद्धा मुलांच्या भीतीचा विचार फार पूर्वीपासून होत नव्हता. पूर्वी अनेक रुग्णालयांत आईबाबांना भेटायची ठरावीक, थोडीच वेळ असे. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. तिचं मूकपणे कोमेजणं पाहून अनेकजण हादरले. १९५९ च्या प्लॅट अहवालाने पालकांना मुलाजवळ येऊ द्यावं अशी शिफारस केली. आज आपण वॉर्डात मुलाच्या उशाशी बसू शकतो, त्यामागे हा इतिहास आहे. आता जवळ बसून काय बोलायचं, ते आपल्या हातात आहे.

कधी सांगावं?

दोन-तीन वर्षांच्या मुलाला "पुढच्या आठवड्यात" म्हणजे काय ते कळत नाही. त्याला आदल्या दिवशी सांगावं आणि सकाळी पुन्हा आठवण द्यावी. चार ते सहा वर्षांच्या मुलांना दोन-तीन दिवस आधी आणि त्याहून मोठ्यांना साधारण आठवडाभर आधी सांगावं, म्हणजे त्यांना प्रश्न विचारायला वेळ मिळतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना तर पहिल्यापासूनच बोलण्यात घ्यावं. त्यांच्यासमोर आपण आपापसांत कुजबुजलो, की त्यांना वाटतं काहीतरी भयंकर लपवताहेत.

कोणत्या शब्दांत?

"टेस्ट" म्हटलं की शाळेतल्या मुलाला पास-नापास आठवतं. म्हणून, "यात कुणी नापास होत नाही" हे सांगून टाकावं. "रक्त काढणार" ऐकून लहान मुलाला वाटतं, सगळंच रक्त जाणार. "थोडंसंच घेतात, शरीर पुन्हा नवीन तयार करतं" असं म्हणावं. भुलीबद्दल बोलताना "तुला झोपवणार" एवढंच म्हणू नये. शेजारच्या म्हाताऱ्या कुत्र्याला 'झोपवलं', हे इथल्या मुलांनी ऐकलेलं असतं! "ही औषधाची खास झोप असते. डॉक्टर सगळा वेळ जवळ असतात आणि काम झालं की तू जागा होतोस," हे सांगावं.

आपली मुलं दुखणं-खुपणं मराठीत सांगतात, वॉर्डात मात्र इंग्रजी चालतं. 'शू', 'बाऊ', 'पोटात कळ' असे घरचे शब्द नर्सला आधीच सांगून ठेवावेत. सोबत येणाऱ्या आजी-आजोबांना इंग्रजीची अडचण असेल, तर दुभाषा आधी मागून घ्यावा. मोठ्या भावंडाला दुभाषाच्या कामाला लावू नये.

त्या दिवशी

भूल देणार असतील तर उपाशी ठेवण्याच्या वेळा पत्रात दिलेल्या असतात, त्या काटेकोर पाळाव्यात. "पोरगं उपाशी आहे" म्हणून आजीने हळूच दिलेलं बिस्किट किंवा कपभर दूधही चालत नाही. भुलीत पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. दूध हे अन्नातच धरतात, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवावं. नखांना रंग लावू नये.

एम.आर.आय. असेल तर वाळे, चांदीचा करदोटा, कानातले डूल घरीच काढून ठेवावेत. काजळही नको. मशीन दुखवत नाही, पण ठकठक, घरघर असा मोठा आवाज करतं आणि आत अगदी स्थिर पडून राहावं लागतं. घरी पलंगावर 'पुतळा पुतळा' खेळून त्याची तालीम करता येते.

रक्त घ्यायचं असेल तर त्वचा बधिर करणारं क्रीम मागावं. काही क्रीमना परिणाम व्हायला तासभर लागतो, म्हणून पोचल्या पोचल्याच विचारावं. मुलाला आडवं दाबून धरण्यापेक्षा मांडीवर कुशीत बसवलेलं बरं. "सुई टोचायची का?" असं विचारू नये, कारण "नको" हे उत्तर आपण मानणार नसतो. "कुठला हात देतोस?" असं विचारावं. साबणाचे फुगे फुंकताना श्वास लांबतो आणि लक्षही दुसरीकडे जातं. तान्ह्या बाळाला त्या वेळी अंगावर पाजलं तर दुखणं कमी होतं. चालेल का, ते आधी नर्सला विचारावं.

आणि रडू आलं तर रडू द्यावं. "मुलगा असून रडतोस?" हे नकोच. नंतर, "हात किती छान स्थिर ठेवलास!" असं नेमकं कौतुक करावं.

आपली मदत कुठे जाणार?

इथल्या बऱ्याच बालविभागांत हेल्थ प्ले स्पेशलिस्ट असतात. त्या बाहुलीच्या हाताला पट्टी बांधून, खोटी सुई टोचून मुलाला सगळं आधी करून दाखवतात. बाहुल्या, चित्रांची पुस्तकं, फुग्यांच्या बाटल्या हे सामान बरेचदा देणग्यांतूनच येतं आणि लवकर संपतं किंवा मोडतं. आपण दिलेल्या रकमेतून हेच सामान घेतलं जाईल. सढळ हाताने मदत करावी, ही विनंती. आणि ज्यांच्या घरी लवकरच तपासणीची तारीख आहे, त्यांनी हे पान फाडून फ्रिजवर लावलं तरी आमची हरकत नाही!