सिव्हिलला नाक मुरडण्याआधी

बारावीचे निकाल लागले की जालन्यातल्या पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. कम्प्युटरला नंबर लागेल का? नाहीच लागला, तर एआय-डेटा सायन्स तरी मिळेल का? सिव्हिलचं नाव काढलं की चेहरे उतरतात. मेडिकल, फार्मसी, स्पर्धा परीक्षा यांची माहिती द्यायला क्लासवाले पुरेसे आहेत. एक क्षेत्र मात्र कुणाच्याच यादीत नसतं: इमारतीतून होणारी उष्णतेची ये-जा.

मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो. हलक्या एएसी ब्लॉकच्या नव्या घरात संध्याकाळी भिंतीला हात लावून पाहावा, मग शेजारच्या बीमला. बीम जास्त तापलेला लागतो. काँक्रीटमधून उष्णता त्या ब्लॉकच्या कित्येक पट वेगाने जाते आणि आतली लोखंडी सळई तर काँक्रीटच्याही सुमारे तीसपट वाहक. स्लॅबबरोबर एकसंध ओतलेला छज्जा दिवसभर उन्हात तापतो आणि ती धग थेट खोलीत आणतो. भिंत चांगली असूनही उष्णतेला मिळालेल्या अशा चोरवाटेला थर्मल ब्रिज म्हणतात. थंड देशांत याच वाटेने घरातली ऊब बाहेर जाते आणि कोपऱ्यांत बुरशी धरते. कोल्ड स्टोरेजमध्ये पॅनेलचा सांधा नीट बसला नाही, तर तिथेच पाणी सुटतं आणि विजेचं बिल चढतं.

मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत हा त्रास कमी होता. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया. लाकूड उष्णता फारशी वाहून नेत नाही.

आता हा विषय कायद्यातही आला आहे. व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जा संहिता 2007 मध्ये आली, 2017 मध्ये सुधारली. घरांसाठी 2018 मध्ये इको निवास संहिता आली. थंड हवामानाचे प्रदेश वगळता भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला तिने चौरस मीटरमागे 15 वॅटची मर्यादा घातली. हे गणित मांडायला माणसं लागतात. सिव्हिल, मेकॅनिकल किंवा आर्किटेक्चरनंतर अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात याचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. ठरावीक अनुभवानंतर ऊर्जा दक्षता ब्युरोची एनर्जी ऑडिटरची परीक्षा देता येते. इमारतीतल्या उष्णतेचं गणित करणारं एनर्जीप्लस हे सॉफ्टवेअर तर फुकट आहे. पहिल्या वर्षापासून शिकता येईल.

सुरुवातीचा पगार मोठ्या आयटी कंपनीइतका नसेल, कामासाठी पुण्या-मुंबईला जावं लागेल. हे आधीच सांगितलेलं बरं. पण ज्या मुलीला भौतिकशास्त्र आवडतं, जी बांधकामावर गवंड्याला दहा प्रश्न विचारते, तिला केवळ शेजाऱ्यांचा मुलगा हिंजवडीत आहे म्हणून कोडिंगला जुंपणं हा सरळ अन्याय आहे. चार वर्षांची फी भरली म्हणून आवड उगवत नाही.

पालकांनो, यंदा कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म मुलांना स्वतःच्या हाताने भरू द्या.