शेळीचं दूध गाळताना

काशीच्या दुर्गाघाटाच्या, ब्रह्माघाटाच्या पायऱ्यांवर सकाळीच शेळ्या चढता-उतरताना दिसतात. पूजेच्या माळांतली झेंडूची फुलं त्या आवडीनं खातात. या घाटांमागच्या गल्ल्यांत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. कुणी अंगणात बरबरी शेळी बांधतं, कुणी शेजारून दूध आणतं. डेंग्यूची साथ आली की प्लेटलेट्स वाढतील या आशेनं हे दूध कच्चंच प्यायलं जातं. त्या समजुतीला भक्कम वैद्यकीय आधार नाही. उलट कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखा चिवट ताप जडू शकतो. गाळण्यानं केस, धूळ, कोंडा निघतो, जंतू निघत नाहीत. म्हणून गाळल्यावर उकळणं आलंच.

लागणारं साहित्य : स्टीलची दोन भांडी, बारीक जाळीची स्टीलची गाळणी आणि पांढऱ्या मलमलीची दोन फडकी. प्लास्टिकच्या भांड्यावर ओरखडे पडतात आणि त्यांत दुधाचा अंश साचून राहतो, म्हणून ते टाळा.

१. धार काढण्याआधी : कासेभोवतीचे सुटे केस झटका. सड कोमट पाण्यानं धुऊन स्वच्छ फडक्यानं कोरडे करा. लेंडीचा कण कोमट दुधात पडला तर विरघळू लागतो आणि विरघळलेली घाण कोणत्याही फडक्यात अडकत नाही. त्यामुळे खरी राखण इथेच करायची असते.

२. पहिल्या धारा : प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा गडद रंगाच्या वाटीत घ्या. गुठळ्या, तंतू किंवा रक्ताची छटा दिसली तर कासदाहाची शंका घ्या. ते दूध वापरू नका, पशुवैद्याला दाखवा. सगळं ठीक दिसलं तरी या धारा टाकूनच द्या.

३. गाळणं : उकळून वाळवलेल्या फडक्याची चार पदरी घडी गाळणीवर अंथरा. दूध धारोष्ण असतानाच बारीक धारेनं ओता. गार झालं की त्यातली चरबी घट्ट होते आणि फडकं तुंबतं. घाईनं फडकं पिळू नका, चमच्यानं घासू नका, कारण अडकलेला कण दाबानं खाली उतरतो. दूध झिरपायचं थांबलं तर दुसरं फडकं घ्या.

४. लगेच उकळा : दूध मंद आचेवर ढवळत चांगलं उकळू द्या. बनारसच्या मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा कच्चं दूध थोडा वेळ ठेवलं तरी नासतं. थांबणं भागच असेल तर भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून दूध गार करा आणि मग फ्रिजमध्ये ठेवा.

५. उग्र वास येत असेल तर : शेळीच्या दुधातली काही मेदाम्लं या वासाला कारण असतात. कोमट दूध फार हिंदकळलं की ती जास्त मोकळी होतात, म्हणून उंचावरून ओतू नका. बोकड दुभत्या शेळीपासून दूर बांधा. कांद्याची पात किंवा उग्र पाला घालायचा असेल तर धार काढून झाल्यावर घाला.

या दुधातल्या चरबीचे कण गाईच्या दुधापेक्षा लहान असतात, त्यामुळे साय कमी धरते. दहीही जरा सैल लागतं. त्यात भेसळ शोधू नका. मात्र एक वर्षाखालच्या बाळाला आईच्या दुधाऐवजी हे देऊ नका. यात फोलेट फार कमी असल्यानं बाळाला रक्तक्षय होऊ शकतो.

६. फडक्याची निगा : वापरलेलं फडकं आधी गार पाण्यात खळबळा. थेट गरम पाण्यात टाकलं तर दुधातली प्रथिनं धाग्यांत घट्ट बसतात. मग साबणानं धुऊन दहा मिनिटं उकळा आणि कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ते दमट राहिलं तर वापरू नका, संध्याकाळच्या धारेला दुसरं कोरडं फडकं घ्या.