तुमची फाईल पुरात वाहून गेली तर?

‘डॉक्टर, रोज रात्री ती पांढरी बारीक गोळी घेतो बघा.’ ‘नाव काय गोळीचं?’ ‘नाव काय ध्यानात नाही, पण आमच्या मेडिकलवाल्याला ठाऊक आहे.’ असा संवाद आम्हा फॅमिली डॉक्टरांकडे रोज घडतो. आता पांढरी बारीक गोळी रक्तदाबाची असू शकते, मधुमेहाची असू शकते, किंवा रक्त पातळ करणारीही असू शकते. ही शेवटची गोळी चालू असताना गुडघेदुखीसाठी नेहमीची वेदनाशामक गोळी दिली गेली, तर पोटात रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकते. म्हणूनच रुग्णाची मागची माहिती ही औषधाइतकीच मोलाची असते.

ही माहिती आपल्याकडे कुठे असते? कपाटावरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत! ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर मजल मारली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला. शहराचा सखल भाग आणि करवीर, शिरोळ तालुक्यांतील अनेक गावे पाण्यात गेली. अशा वेळी माणूस नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडतो. छावणीत पोहोचतो तेव्हा त्याच्याजवळ गोळ्या नसतात, चिठ्ठी नसते, आणि ज्याला सारे ठाऊक तो मेडिकलवालाही पाण्यातच असतो.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरावर ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाचे संकट आले. तेथेही असंख्य रुग्णांच्या कागदी फायली चिखलात गेल्या. मात्र माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतील नोंदी संगणकावर होत्या. हे सैनिक दुसऱ्या राज्यात गेले, तरी तेथील डॉक्टरांना त्यांची औषधे आणि तपासण्या पडद्यावर दिसल्या व उपचार पुढे चालू राहिले. संगणकावरील नोंदीचा पहिला फायदा हाच. रुग्ण जाईल तेथे त्याची माहिती पोहोचते.

असे उदाहरण आपल्याकडेही आहे. क्षयरोग्यांसाठी २०१२ पासून ‘निक्षय’ ही देशव्यापी संगणकीय नोंदवही आहे. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. बीडकडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास आपल्या भागात येतो आणि पट्टा पडला की परत जातो. म्हणजे उपचार सुरू एका जिल्ह्यात आणि संपणार दुसऱ्यात. मधेच गोळ्या सुटल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. निक्षयमध्ये रुग्णाची नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्याकडे पाठवता येते. अर्थात, मी उपचार घेत आहे हे रुग्णाने नव्या ठिकाणी सांगणे आवश्यक आहेच.

दुसरा फायदा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. मधुमेहाच्या रुग्णाचे क्रिएटिनिन एका वर्षी ०.८, पुढे १.० आणि नंतर १.२ आले असे समजा. हे तिन्ही रिपोर्ट सुटे पाहिले तर बहुधा ‘नॉर्मल’ वाटतील. पण एकाखाली एक मांडले की आकडा दीडपट झाल्याचे दिसते आणि मूत्रपिंडाकडे वेळीच लक्ष देता येते. संगणक असा आलेख क्षणात काढतो. एखाद्या औषधाची ॲलर्जी नोंदवलेली असेल, तर ते औषध लिहिताना डॉक्टरांना सावधही करू शकतो. मात्र ॲलर्जी मुळात नोंदलीच नसेल, तर बिचारा संगणक काय करणार?

आता ‘आभा’ क्रमांकाविषयी. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. त्यात प्रत्येकाला १४ आकडी क्रमांक मोफत काढता येतो. तो घेणे ऐच्छिक आहे. अनेक जण यालाच विम्याचे आयुष्मान कार्ड समजतात. पण ती वेगळी गोष्ट आहे. आभा ही आजाराच्या नोंदी जोडण्याची खूण. क्रमांक काढला म्हणजे जुने रिपोर्ट आपोआप त्यात येतात, असेही नाही. जे रुग्णालय किंवा प्रयोगशाळा या व्यवस्थेत सामील आहे, तेथील नोंदीच जोडल्या जातात, आणि दुसऱ्या डॉक्टरांना त्या दाखवण्यापूर्वी तुमची संमती घ्यावी लागते. मोबाईलवर संमती मागणारा संदेश आला तर वाचल्याशिवाय ‘होय’ दाबू नका.

संगणकावरही डोळे झाकून विसंबू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि बरेच दिवस कामकाज हाताने चालवावे लागले. शिवाय आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाचे चार पाटील असतात. एकाची साखर दुसऱ्याच्या नावावर चढू नये, म्हणून रिपोर्टवरील पूर्ण नाव, वय व तारीख स्वतः तपासा.

तेव्हा वाचकहो, पुढील पाच गोष्टी घरोघरी व्हाव्यात.

१) एका कागदावर स्वतःचे आजार, झालेल्या शस्त्रक्रिया, औषधांची नावे, मात्रा व वेळा आणि ॲलर्जी लिहा. औषधाच्या पट्टीवरचे नाव जसेच्या तसे उतरवा.

२) डॉक्टरांनी औषध बदलले की त्याच दिवशी कागदही बदला व तारीख घाला.

३) या कागदाचा व महत्त्वाच्या रिपोर्टचा मोबाईलवर फोटो घ्या. तो परगावी राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला पाठवून ठेवा. नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. आजार ही खासगी बाब आहे.

४) रुग्णालयातून घरी येताना डिस्चार्ज कार्ड मागून घ्या. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाने नोंदी मागितल्यास डॉक्टरांनी त्या ७२ तासांत द्याव्यात, असा भारतीय वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, असेही त्यात म्हटले आहे.

५) घरातील वृद्धांचा कागद तरुणांनी लिहावा. चष्मा लावून पट्टीवरची बारीक अक्षरे वाचणे त्यांना जमत नाही.

या कामाला तास-दीड तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही. तहान लागल्यावर विहीर खोदण्यात अर्थ नाही. मृगाचा पाऊस सुरू होण्याआधीच हे काम उरकून घ्यावे.