मातीची भांडी आणि मोलाची गीते

शास्त्रवाचन : 2 शमुवेल 11 व 12, स्तोत्र 51, 2 करिंथ 4:5-7

एखादे गीत आपण वर्षानुवर्षे गात आलेलो असतो. आजारपणात त्याने धीर दिलेला असतो, दुःखाच्या घरी त्याने सांत्वन केलेले असते. मग एके दिवशी त्याच्या कर्त्याविषयी असे काही कळते की ओठांवर आलेले शब्द तेथेच थबकतात. कर्त्याच्या दोषाने कृतीही दूषित होते काय? ते गीत यापुढे गावे की टाकावे? या पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करू.

1. आपल्या घरचे उदाहरण

भिलाई-3 च्या स्थानकावरून दुर्गमार्गे नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर राजनांदगाव लागते. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने या भागात येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही वाट चांगली परिचयाची आहे. 1893 साली याच मार्गाने नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडीत त्यांची एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. त्याने त्यांना नवा करार दिला व वाचण्याचा आग्रह केला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांच्या लेखणीतून उतरलेली भक्तिगीते महाराष्ट्रातील बहुतेक सर्व मंडळ्यांत रुजली.

हे टिळक घरी कसे होते? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये ते निर्भीडपणे सांगितले आहे. त्यांचा राग अनावर होई. कोणाला न सांगता ते घरातून निघून जात. घरी काही शिल्लक आहे की नाही याचा विचार न करता हातचा पैसा देऊन टाकीत. त्यांच्या धर्मांतरानंतर पतिपत्नी काही वर्षे विभक्त राहिली, आणि त्या काळातील यातना लक्ष्मीबाईंनी एकटीने सोसल्या. जगाला प्रेमाची गीते देणाऱ्या पुरुषाने स्वतःच्या पत्नीला वारंवार अश्रू ढाळावयास लावले, हे सत्य नाकारता येत नाही. तरीही टिळक 1919 साली निवर्तले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते, आणि ते लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले.

लक्ष्मीबाईंनी गीत टाकले नाही आणि दोषही लपविला नाही. आपण सहसा या दोहोंपैकी एकच करतो. गीत आवडले की कर्त्याला संत ठरवितो. दोष कळला की गीत अग्नीत टाकतो.

2. शास्त्र काय दाखविते?

दावीदाने उरीयाची पत्नी घेतली आणि त्याला युद्धात पुढे पाठवून मारविले. शास्त्राने हा अध्याय गाळला नाही. उलट स्तोत्र 51 च्या मथळ्यातच नाथान संदेष्टा व बथशेबा यांचा उल्लेख आहे. म्हणजे उपासनेत ते स्तोत्र गाणाऱ्या प्रत्येक पिढीला दावीदाचा अपराध आठवूनच गावे लागे. स्तोत्र राहिले, पण नाथानाचा शब्दही राहिला.

पौल आपणास सांगतो की ही संपत्ती मातीच्या भांड्यांत ठेवलेली आहे. यातून दोन गोष्टी निघतात. भांडे तडकलेले आहे म्हणून आतील धन खोटे ठरत नाही. आणि धन मोलाचे आहे म्हणून मातीचे सोने होत नाही. आपले एखाद्या गीतावर प्रेम असणे हे त्याच्या कर्त्याला दिलेले प्रशस्तिपत्र नव्हे.

3. सर्व प्रकरणे सारखी नसतात

जॉन न्यूटन हे गुलामवाहू जहाजांचे कप्तान होते. 1748 च्या वादळात ते देवाकडे वळले, परंतु तो धंदा त्यांनी 1754 पर्यंत चालविला. ‘अमेझिंग ग्रेस’ हे त्यांचे गीत 1779 साली छापले गेले. त्या व्यापाराचा जाहीर निषेध आणि त्यातील आपल्या सहभागाची कबुली मात्र त्यांनी 1788 साली दिली. गीत आधी आले. सत्य उशिरा आले, पण आले.

आता आजचे एक उदाहरण पाहा. मार्को रूपनिक या धर्मगुरूंची मोझेक चित्रे जगातील अनेक ख्रिस्तमंदिरांत आहेत. त्यांच्यावर अनेक स्त्रियांनी, विशेषतः धर्मभगिनींनी, अत्याचाराचे आरोप केले. 2023 साली येशूसंघाने त्यांना आज्ञाभंगावरून संघातून काढले. मार्च 2025 मध्ये लूर्द तीर्थक्षेत्राने महामंदिराच्या प्रवेशद्वारांवरील त्यांची चित्रे झाकण्यास आरंभ केला. पीडितांना त्या दारातून आत येणे जड जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. येथे प्रश्न चित्र सुंदर आहे की नाही हा नाही. ज्यांची जखम अजून ओली आहे अशी माणसे त्याच दारातून प्रार्थनेला येतात. त्यांच्यासाठी एक सुंदर भिंत झाकणे ही कलेशी शत्रुता नव्हे. ती प्रीती आहे.

म्हणून निर्णय घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. झालेल्या अपराधाविषयी सत्य उघड बोलले जात आहे काय? कर्त्याने पश्चात्ताप केला काय? आणि त्या कृतीच्या वापराने आज कोणाला नव्याने इजा पोहोचते काय? यांतील तिसरा प्रश्न सर्वांत वजनदार आहे, कारण लहानातील एकाला अडखळविण्याविषयी प्रभूने फार कठोर इशारा दिला आहे.

4. आपल्या मंडळीसाठी

गीत आणि अधिकारपद यांत भेद करावा. दोषी माणसाने रचलेले गीत मंडळी गाऊ शकेल. पण म्हणून त्याला व्यासपीठ द्यावे असे होत नाही. गोड गळ्याचा गायक घरी पत्नीवर हात उगारीत असेल, तर त्याच्या गळ्याचे कौतुक हे त्या पत्नीचे तोंड बंद करणारे कुलूप ठरते. पौलाने अध्यक्षाच्या अंगी प्रथम घराची चांगली व्यवस्था पाहण्यास सांगितले आहे (1 तीमथ्य 3:4-5).

आणखी एक सावधगिरी हवी. लक्ष्मीबाईंनी दिलेली क्षमा त्यांची स्वतःची होती. तिचा दाखला देऊन दुसऱ्या एखाद्या दुखावलेल्या बहिणीकडून क्षमेची मागणी करण्याचा अधिकार आपणास नाही. क्षमा ज्याने सोसले त्यानेच द्यावयाची असते. श्रोत्याने ती परस्पर वाटावयाची नसते.

तेव्हा, प्रिय वाचकहो, येत्या रविवारी टिळकांचे गीत निघाले तर ते मनापासून गा. मात्र घरी ‘स्मृतिचित्रे’ही उघडा, आणि मुलांना दोन्ही गोष्टी सांगा. ज्या देणगीने आपले पोषण झाले तिच्याबद्दल देवाचे उपकार मानावेत, आणि त्या देणगीच्या सावलीत ज्यांनी सोसले त्यांची नावेही आदराने घ्यावीत.

चिंतनासाठी प्रश्न

1. स्तोत्र 51 चा मथळा वगळला असता तर त्याच्या अर्थात काय उणे झाले असते?
2. आपल्या मंडळीत एखाद्याच्या गुणांमुळे कोणाचे दुःख दुर्लक्षित राहिले आहे काय?
3. एखादे गीत काही काळ न गाणे हे प्रीतीचे कृत्य केव्हा ठरेल?